मन लागायची वाट पाहू नका

"मन लागत नाही. लागलं की जाईन वावरात." चिखली असो की संग्रामपूर, खचलेल्या माणसाच्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. घरचेही ते मान्य करतात. वावरातलं काम भाऊ उरकतो, बाजारहाट मुलगा करतो, आणि तो माणूस खाटेवर पडून राहतो. आठवडा जातो, महिना जातो, मन काही लागत नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की हा क्रम उलटा आहे. उदासीच्या आजारात मन लागायची वाट पाहत बसलं तर ते आणखी लांब जातं. काम आधी करावं लागतं, तेही अगदी छोटं, ठरवून, मन नसताना. मन त्याच्या मागून येतं. गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनानं ही गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली आहे, आणि या वाटेवरचे दोन महत्त्वाचे अभ्यास आपल्या जवळच झाले आहेत: एक गोव्यात, दुसरा अमरावती जिल्ह्यात.

या उपचाराचं मूळ घराणं म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, थोडक्यात सीबीटी. विचार आणि वागणूक या दोन बाजूंनी मनाच्या आजाराला हात घालणारी पद्धत. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांना १९६०च्या दशकात रुग्णांशी बोलताना एक गोष्ट जाणवली. खचलेल्या माणसाच्या डोक्यात काही वाक्यं आपोआप उमटत राहतात: मी कामाचा नाही, जग माझ्या बाजूचं नाही, पुढं काही चांगलं होणार नाही. ही वाक्यं पकडायची, कागदावर आणायची आणि पुराव्यावर घासून पाहायची, असा उपचार त्यांनी बांधला. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस १९५५ पासूनच जवळपासच्या वाटेनं चालले होते. आपल्याकडं एलिस पोचले ते मुंबईचे कि. मो. फडके यांनी मराठीत मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारामुळं, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखन-व्याख्यानांमुळं आणि डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळं. वाचनाची आवड असेल तर सुरुवात इथून करावी.

पण आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीनं खरी कामाची गोष्ट १९९६ मध्ये घडली. सिएटलचे नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेक यांच्या उपचाराचे भाग सुटे केले. काही रुग्णांना संपूर्ण उपचार दिला, काहींना त्यातला फक्त एक भाग: दिवसभरात काय करायचं ते ठरवणं आणि ते करणं. विचारांवर काम नाहीच. तपासलं तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारलेले निघाले, आणि दोन वर्षांनंतरही त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. विचारांची उलटतपासणी शिकवायला मुरलेला तज्ज्ञ लागतो. दिवसाची आखणी करायला शिकवणं तुलनेनं सोपं. मग हे काम गावातल्या माणसाला शिकवता येईल का?

गोव्यातल्या 'संगात' या संस्थेनं याचं उत्तर शोधलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली. त्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीचे ४९५ रुग्ण घेतले. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून मिळाले. उरलेल्यांना त्याच्या जोडीला याच पद्धतीवर बेतलेल्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. बैठका घेणारी माणसं मानसशास्त्राची पदवी नसलेली, स्थानिक, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली होती. तीन महिन्यांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' या कार्यक्रमाचा प्रश्न वेगळा होता. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की उदासीनं ग्रासलेली किती माणसं मदत मागायला येतात. सुरुवातीला शंभरातली जेमतेम चार. गावातल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली, बैठका घेतल्या, गरज पडली तिथं डॉक्टरांची गाठ घालून दिली. अठरा महिन्यांनी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. कापूस, सोयाबीन, कर्ज, पाऊस सगळं आपल्यासारखंच असलेल्या गावांतली ही गोष्ट आहे. शेगाव-खामगावपासून ती गावं फार दूर नाहीत. आपल्याकडची माणसं मनाच्या आजाराबद्दल बोलतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते. विचारणारं कुणी असलं की माणसं बोलतात.

आता हे करायचं कसं. एक साधी वही घ्या. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंदवा: किती वाजता काय केलं आणि त्या वेळी मन कसं होतं, शून्य ते दहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोरीनं संध्याकाळी विचारून लिहावं. चार-पाच दिवसांतच एक गोष्ट दिसू लागते. दिवसभर मन सारखंच काळं नसतं. दुपारी एकट्यानं पडून राहिल्यावर एक, सकाळी म्हशीला पाणी पाजताना तीन, शेजारचे काका येऊन बसले तेव्हा चार. चार म्हणजे आनंद नव्हे, पण एकपेक्षा चार बरा, आणि तो कशामुळं आला हे आता कागदावर आहे. उदास माणूस तोंडी विचारलं तर सांगतो की सगळा दिवस सारखाच वाईट गेला. त्याची आठवणच तशी झालेली असते. म्हणून वही लागते.

दुसऱ्या आठवड्यात रोज दोन गोष्टी ठरवायच्या. एक कामाची, एक जिवाला बरी वाटणारी किंवा माणसांत नेणारी. इथं बहुतेकजण चुकतात ते आकारात. तीन महिने खाटेवर असलेल्या माणसानं 'उद्यापासून डवरणीला जाईन' असं ठरवलं, की उद्या तो जात नाही आणि परवा स्वतःला आणखी नालायक ठरवतो. 'उद्या सकाळी सात वाजता बांधापर्यंत जाऊन परत येईन' हे ठरवणं बरोबर. तेही जड वाटलं तर गोठ्यापर्यंत. काम इतकं लहान असावं की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. आणि ते वेळेला बांधलेलं असावं, मनःस्थितीला नाही. 'बरं वाटलं तर' हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. सात वाजले की उठायचं, मन असो वा नसो.

पहिले काही दिवस काहीच वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. बांधावर जाऊन आलं तरी आत कोरडंच राहील, आणि 'बघा, काही उपयोग नाही' असा विचार येईल. तो येणारच. दोन-तीन आठवडे तो बाजूला ठेवून वही चालू ठेवावी लागते. गोव्यातही सहा ते आठ बैठका लागल्याच होत्या.

घरच्यांची भूमिका इथं मोठी आहे. 'मन घट्ट कर', 'इतकं काय झालं', 'आमच्या वेळी तर' ही वाक्यं प्रेमातून आली तरी आजारी माणसाच्या डोक्यातल्या 'मी नालायक' या वाक्याला साक्षीदार मिळवून देतात. त्यापेक्षा चपला घालून दारात उभं राहा आणि म्हणा, "चाल दादा, बांधावरून येऊ." वाद नाही, समजावणं नाही, सोबत. आणि त्याची सगळी कामं हातातून काढून घेऊ नका. दया म्हणून काढून घेतलेलं शेवटचं काम हे बहुधा त्याच्या दिवसातलं शेवटचं कारण असतं.

विचारांचं काम यानंतर, थोडी हालचाल सुरू झाल्यावर करावं. समजा, खामगावला खोली करून पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा मैदानी चाचणीत मागे पडला. डोक्यात वाक्य येतं: 'माझं काहीच होणार नाही.' ते वहीत जसंच्या तसं लिहायचं. खाली, ते खरं असल्याचा पुरावा: या वेळी गुण कमी पडले. ते पूर्ण खरं नसल्याचा पुरावा: धावण्याची वेळ मागच्या वर्षीपेक्षा सुधारली, बारावीत चांगले गुण होते, खोलीतल्या दोघांना गणित मीच समजावतो. मग जे दोन्ही पुराव्यांना धरून असेल असं वाक्य: 'या भरतीत माझं झालं नाही, गोळाफेकीत मी कमी पडतो, पुढचं अजून ठरलेलं नाही.' हे गोड बोलणं नव्हे. 'सगळं छान होईल' असं लिहिलं तर मन ते लगेच फेटाळतं, आणि बरोबरच करतं. वाक्य खरं असेल तरच ते टिकतं. एलिस आणखी एक ठिकाण दाखवतात, ते मला फार मोलाचं वाटतं: 'झालं तर बरं' आणि 'झालंच पाहिजे' यांतलं अंतर. निवड व्हावी ही इच्छा निरोगी आहे. निवड झालीच पाहिजे, नाहीतर मी माणूसच नाही, हा हट्ट माणसाला मोडतो.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कर्ज हा विचारांतला दोष नाही. सोयाबीनचा भाव पडला, दुबार पेरणी करावी लागली, बँकेची नोटीस आली, तर ती काळजी खरी आहे, आणि 'सकारात्मक विचार करा' असं त्या शेतकऱ्याला सांगणं हा त्याचा अपमान आहे. चांगला समुपदेशक असं सांगतही नाही. तो आधी दोन गोष्टी वेगळ्या करतो: 'बँकेचं आणि सावकाराचं मिळून इतकं देणं आहे' ही वस्तुस्थिती, आणि 'मी मेलो तर घर सुटेल' हा विचार. पहिलीवर हिशेबाचं काम करायचं. सगळी देणी एका कागदावर, कुणाचं किती, व्याज किती, कोणतं आधी. पीक विम्याचा अर्ज कुठं अडकला, पुनर्गठन मिळेल का, तलाठी किंवा कृषी सहायकाला काय विचारायचं. यातली एकच पायरी या आठवड्यात. दुसऱ्यावर मात्र त्याच दिवशी बोलायचं, थांबायचं नाही.

आत्महत्येबद्दल विचारलं तर ती कल्पना डोक्यात शिरेल, ही भीती चुकीची आहे. थेट विचारल्यानं धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. "जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यायचा विचार येतो का?" असं शांतपणे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. हो म्हटलं तर त्या माणसाला एकटं ठेवू नका. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्या माणसाच्या ताब्यात द्या. श्रीलंकेनं १९९०च्या दशकापासून सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. तीव्र इच्छेची ती वेळ बऱ्याचदा थोडीच असते. त्या वेळी विष हाताशी नसणं म्हणजे जीव वाचणं. पोलिसांच्या भीतीनंही काही घरं गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

बाळंतिणीकडं आपलं लक्ष कमी जातं. बाळ झालं, आता काय दुःख, असं म्हणतात. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत डॉ. अतिफ रहमान यांनी तिथल्या आरोग्यसेविकांना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या बायांना, सीबीटीच्या सोप्या रीती शिकवल्या. गरोदरपणात उदासीनं घेरलेल्या स्त्रियांकडं त्या जात राहिल्या. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, हा उपचार न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के स्त्रिया अजून उदासीतच होत्या. उपचार मिळालेल्यांपैकी २३ टक्के. बाळंतीण सारखी रडत असेल, बाळाला घेत नसेल, 'माझ्याकडून होत नाही' म्हणत असेल, तर दोन आठवड्यांहून अधिक थांबू नका.

छाती धडधडणं, घाम, 'आता मरतो' अशी भीती, आणि दर वेळी ईसीजी चांगला, असं ज्यांचं चाललंय त्यांनी डॉक्टरांना पॅनिकबद्दल विचारावं. वारंवार हात धुणं, कुलूप तपासणं यावरही सीबीटीचा चांगला उपयोग होतो. पण हे दोन्ही प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावं, वहीवर भागत नाही.

वहीवर न भागणाऱ्या आणखी काही अवस्था आहेत. कानात आवाज येणं, कुणीतरी मागावर आहे अशी पक्की खात्री, अनेक दिवस झोप न लागता अफाट उत्साह आणि उधळपट्टी, अन्नपाणी सोडणं. इथं गोळ्या आधी, बोलण्याचा उपचार त्यांच्या जोडीला. अशा आजारात उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो, तितकं बरं होणं अवघड जातं.

आणि हा काळ आपल्या जिल्ह्यात बराचसा कुठं जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या धर्मांची माणसं आजारी नातेवाइकाला घेऊन येतात. होळीच्या सुमारास तिथं मोठी यात्रा भरते. थकलेल्या घरांना तिथं आसरा वाटतो, ओळखीचं दुःख भेटतं, हे मला समजतं, आणि श्रद्धेवर वाद घालून एकही रुग्ण दवाखान्यात आला असेल असं मला वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच: जायचं तर जा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडंही जा आणि गोळ्या बंद करू नका. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून हेच केलं. दुवाही आणि दवाही, एकाच आवारात. बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं मात्र कुठंही होऊ देऊ नका. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण होरपळून गेले. मनोरुग्णाला साखळी घालायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. बाधेच्या नावाखाली मारहाण करणं, दवाखान्यात नेण्यापासून अडवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

मदत कुठं मिळेल? पहिली पायरी गावातच आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो आरोग्य तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात मनाबद्दल दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. हे प्रश्न घाईत 'नाही, नाही' म्हणून उरकू नका. खरं उत्तर दिलं तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून पुढची वाट खुली होते. राज्य सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात बुलढाणाही होता. बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल विचारा. त्यापुढं अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. आणि कुठंही जाणं शक्य नसेल तर टेलिमानस: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. फोन आजारी माणसानंच करायला हवा असं नाही. काय करावं ते कळत नाही म्हणून बायकोनं किंवा भावानं केला तरी चालतो.

पहिल्या भेटीला वही घेऊन जा. झोप, भूक, काम, दारू, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आणि घरात आधी कुणाला असा त्रास होता का, हे लिहून न्या. डॉक्टरांकडं मिळणारा वेळ थोडा असतो आणि तिथं बसल्यावर आठवत नाही. खासगी समुपदेशकाकडं जात असाल तर निःसंकोच विचारा: तुमचं प्रशिक्षण काय, साधारण किती बैठका लागतील, घरी करायला काय द्याल, फरक पडतोय हे कसं मोजाल. सीबीटी खरोखर करणारा माणूस या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं देतो. जो दर वेळी फक्त ऐकून घेतो आणि वर्षभर घरी करायला काहीच देत नाही, तो कदाचित भला असेल, पण तो ही पद्धत वापरत नाही.

बरं वाटू लागलं की एक काम उरतं. उदासी पुन्हा येऊ शकते. गोळ्यांनी बरे होऊन मग गोळ्या थांबवलेल्यांपेक्षा सीबीटी शिकून बरे झालेल्यांत ती कमी वेळा उलटते, असं अभ्यास सांगतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. म्हणून एक पान वेगळं लिहा. मागच्या वेळी सगळ्यात आधी काय बिघडलं: पहाटे तीनला जाग येणं, फोन न उचलणं, दाढी न करणं, जे असेल ते. खाली, कोणत्या दोन गोष्टींनी फरक पडला. त्याखाली घरातल्या एका माणसाचं नाव, आशाताईंचा नंबर आणि १४४१६. पेरणीआधी मे महिन्यात आणि माल विकायच्या दिवसांत, म्हणजे ताण वाढायच्या आधी, हे पान दोघांनी मिळून वाचा. आणि त्यातली दोन लक्षणं आठवडाभर दिसली, की वही त्याच दिवशी पुन्हा सुरू करा.